चेहरा झाकल्यावर दिसतं ते

मराठी माणूस नाटक ‘बघायला’ जातो असं म्हणतो खरा, पण मनातून तो ते ऐकायलाच गेलेला असतो. सांगलीला १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून आपल्या रंगभूमीचा जीव कानांत आहे. पुढे संगीत नाटकांचा जमाना आला आणि लोक एकेका पदाला ‘वन्स मोअर’ देत रात्र काढू लागले. संगीत मागे पडलं, तेव्हा त्याच्या जागेवर संवाद येऊन बसले. टाळी पडते ती वाक्याला. ‘काय वाक्य टाकलंय!’ ही आपल्याकडची सर्वांत मोठी दाद. प्रयोग संपल्यावर घरी येताना आपण वाक्यंच बरोबर घेऊन येतो.

अशा समाजात कुणी सांगावं की, सत्तर मिनिटांचं नाटक आहे, त्यात कुणी चकार शब्द बोलणार नाही आणि वर कुणाचा चेहराही दिसणार नाही, तर पहिला प्रश्न येणार, ‘मग बघायचं काय?’ नाशिकमधल्या सात जणांच्या एका हौशी गटाबरोबर असं नाटक उभं करण्यात माझे अलीकडेच चार महिने गेले. शेजारणींपासून जुन्या सहकाऱ्यांपर्यंत प्रत्येकानं मला हा प्रश्न विचारला. त्यापाठोपाठ दुसराही विचारला, ‘आणि त्यात तुमचं काय काम?’ प्रश्न रास्तच होता. तीस वर्षं मी बँकेत अधिकारी होते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही व्यवसाय कागदावरच्या शब्दांचे. बिनशब्दांच्या नाटकाला बाईंची गरज कशासाठी?

ते सांगण्याआधी हा प्रकार काय आहे, हे थोडं सांगायला हवं. मुखवटे दोन तऱ्हेचे असतात. अर्ध्या मुखवट्यात तोंड मोकळं असतं, नट बोलू शकतो. पूर्ण मुखवट्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकलेलं. आतून बोललं तर आवाज घुमतो, आणि मुखवट्याचे ओठ हलत नसल्यामुळे ते हास्यास्पद दिसतं. म्हणून पूर्ण मुखवट्याचं नाटक बहुधा मुकंच असतं.

युरोपात गेल्या शतकात या मुखवट्याकडे नव्यानं लक्ष गेलं ते फ्रान्समध्ये. झाक कोपो हा पॅरिसमधला दिग्दर्शक. त्याची एक गोष्ट नाटकवाले नेहमी सांगतात. तालमीत एक नटी संकोचून अडून बसली होती, काही केल्या तिचं अंग मोकळं होईना. कोपोनं तिच्या चेहऱ्यावर हातरुमाल टाकला, आणि तिचं सगळं शरीर सैलावलं. मग त्याच्या नाट्यशाळेत मुखवट्यांचे धडे सुरू झाले. पुढे झाक लकॉक या मूळच्या व्यायामशिक्षकानं इटलीत पादुआ इथल्या आम्लेतो सार्तोरी या शिल्पकाराच्या मदतीनं कातडी मुखवटे घडवून घेतले आणि १९५६ साली पॅरिसमध्ये आपली शाळा काढली. तिथला ‘तटस्थ मुखवटा’ प्रसिद्ध आहे. त्यावर ना हसू ना रडू. तो घालून नुसतं उभं राहायचं, चालायचं, मागे वळून बघायचं. एवढ्यात माणसाच्या सगळ्या खोडी उघड्या पडतात.

आमच्या गटापुढे मुख्य आदर्श होता तो जर्मनीतल्या ‘फामिलिए फ्ल्योत्स’ या मंडळीचा. एसेन शहरातल्या फोक्वांग या कलाशाळेतल्या तरुणांनी १९९०च्या दशकात हा गट सुरू केला. एसेन हे रूर भागातलं, एके काळी कोळशाच्या खाणींचं शहर, आणि ‘फ्ल्योत्स’ म्हणजे जमिनीखालचा कोळशाचा थर. त्यांचं २००४ सालचं ‘तेआत्रो देलुझिओ’ हे नाटक विंगेमागे काम करणाऱ्या तीन कामगारांवर आहे. खरा खेळ पलीकडे चाललेला असतो आणि आपल्याला दिसते ती त्याची मागची बाजू. तीन नट मिळून २९ पात्रं करतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे या मंडळींकडे आधी लिहिलेलं नाटक नसतं. पात्रं आणि प्रसंग नट तालमीत घडवतात, आणि त्या सगळ्यांनाच लेखक मानलं जातं.

आमच्या सात जणांनी विषय निवडला होता ‘हयातीचा दाखला’. म्हणून त्यांना माझी आठवण झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. पूर्वी म्हातारी माणसं बँकेत येऊन आमच्यासमोर सही करायची किंवा अंगठा उठवायची. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आलं आणि बोटाचे ठसे यंत्रावर घेता येऊ लागले. सोय मोठी झाली. पण जन्मभर भांडी घासलेल्या, खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा सत्तरीनंतर झिजलेल्या असतात, यंत्र त्या ओळखत नाही. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याच्या या काळात चेहरा झाकून हे नाटक करायचं, यातली गंमत गटाला आधीच दिसलेली होती. त्यांना माझ्याकडून हवी होती ती काउंटरमागची माहिती. रांग कशी लागते, माणूस कुठे अडतो, शिक्का कोण मारतो, चहा कधी येतो.

सुरुवात मुखवट्यांपासून झाली. आधी शाडूत चेहरा घडवायचा, त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा, मग साच्यात आतून खळ लावलेल्या कागदाचे तुकडे बसवायचे. खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा, म्हणजे थर मोजायला चुकत नाही. असे आठ थर. दोन-तीन दिवस सुकवायचं, डोळ्यांची भोकं पाडायची, रंग द्यायचा. आपल्या नाट्यशास्त्रातही ‘प्रतिशीर्ष’ करण्याची कृती आहे, तीत बेलाचा लगदा आणि कापड सांगितलं आहे. साहित्य बदललं, चिकटवण्याची रीत फारशी बदललेली नाही.

खरी कसोटी चेहऱ्यावरच्या भावात असते. मुखवटा हसरा केला तर तो रडू शकत नाही, रडका केला तर हसू शकत नाही. म्हणून चांगला मुखवटा अधांतरी ठेवतात, जणू माणूस आत्ताच काहीतरी म्हणणार होता आणि थांबला. जपानच्या नो नाटकात यासाठी दोन शब्द आहेत. मुखवटा किंचित वर उचलला की ‘तेरासु’, म्हणजे उजळणं. किंचित खाली झुकवला की ‘कुमोरासु’, म्हणजे झाकोळणं. बदलतो तो फक्त प्रकाशाचा कोन, पण बघणाऱ्याला वाटतं की चेहरा बदलला. शाळेच्या हॉलमध्ये एका साध्या दिव्याखाली आमच्या आजीच्या मुखवट्यावर मी हे प्रत्यक्ष पाहिलं. कागदाची ती आजी मान खाली घालताच खिन्न झाली.

नियम थोडे, पण कडक. मुखवटा प्रेक्षकांकडे पाठ करून चढवायचा. एकदा चढवला की त्याला हात लावायचा नाही, हात लागताच तो चेहरा राहत नाही, कागदाचा होतो. नाक जिकडे, तिकडे नजर. एका वेळी एकानंच हलायचं. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहायचं, म्हणजे प्रेक्षकही त्याच्याकडेच पाहतात. त्यानं दुसऱ्याकडे नाक वळवलं की पाळी दुसऱ्याची. आतून दिसतं ते दोन बोरांएवढ्या भोकांमधून. बाजूचं दिसत नाही, पायाखालचं तर मुळीच नाही. श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो. सराईकेलाच्या छाऊ नृत्यातही मुखवटे आणि मौन असतं, आणि तिथल्या रचना थोड्या मिनिटांच्याच असतात. त्याचं एक कारण हा श्वास आहे. आमच्या नटांना सत्तर मिनिटं काढायची होती. त्यासाठी पात्रं आलटूनपालटून आत जात, ओल्या फडक्यानं तोंड पुसत आणि दुसरा मुखवटा चढवून बाहेर येत.

बाजूचं दिसत नाही, तर सहा जण एकमेकांवर आदळत कसे नाहीत? ऐकून. पावलांचा आवाज, श्वास, वहाणेची घसट. पहिल्या महिन्यात धडकाधडकी फार झाली. तिसऱ्या महिन्यात रांगेतले सहा म्हातारे एका दमात एक पाऊल पुढे सरकत, आणि कुणी खूण केलेली नसे. मला बँकेची तिजोरी आठवली. तिला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्यानं कितीही खटपट केली तरी दार उघडत नाही. त्यात अविश्वास आहे असं नव्या माणसाला वाटतं. पण रोज सकाळी दोघांना एकाच वेळी दारासमोर उभं राहावं लागतं, यातून दोघांत एक नातं तयार होतं. इथे सात किल्ल्या होत्या.

आता त्या सातांतल्या एकाबद्दल. हा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा मोखाड्याच्या बाजूचा, सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला. नाटकाची ओढ जबर. चार वर्षं तो निरनिराळ्या स्पर्धांच्या तालमींना जात होता. प्रत्येक ठिकाणी त्याला रखवालदार किंवा ‘गावकरी क्रमांक दोन’ मिळे, नाहीतर पडदा ओढायचं काम. कारण एकच, उच्चार. तो ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, ‘आणि’ला ‘आनि’. मराठी रंगभूमीवर ‘ण’ आणि ‘न’ यांच्यामधल्या दारातून किती माणसं परत गेली असतील, याची नोंद कुठल्याच वहीत नाही. आपण त्याला वाणीशुद्धी म्हणतो. अभिनयाची ती एक कसोटी आहे, हे मला मान्य आहे. पण ती एकच कसोटी असावी, हे कुणी ठरवलं?

गंमत अशी की, मुखवट्याच्या बाबतीत सातांतला जाणकार हाच होता. जव्हार-मोखाड्याच्या आणि नाशिकच्या आदिवासी भागात बोहाडा होतो. होळीनंतर, पावसाच्या आधी, गावोगाव. गणपती येतो, सारजा येते, मग रात्रभर एकामागून एक सोंगं. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे थोरले मुखवटे, मशालींचा उजेड, संबळाचा ठेका, आणि त्यावर पुढे-मागे नाचत गल्लीतून येणारी देवदानवांची रांग. बोलणं जवळजवळ नाहीच. अनेक गावांत अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याकडे असतो. या मुलाच्या घरीही एक सोंग होतं. लहानपणापासून त्यानं काकाच्या मागे मशाल धरली होती.

तालमीत आम्ही लकॉकच्या पद्धतीबद्दल वाचून दाखवत होतो. तो एका कोपऱ्यात ऐकत बसे. एक दिवस आजीचा मुखवटा कुणालाच साधेना. दोन मुलींनी करून पाहिलं, छान वाकल्या, थरथरल्या, पण ‘म्हातारीची नक्कल’ यापलीकडे जाईना. तो उठला, पाठ वळवून मुखवटा चढवला आणि फिरला. काहीच केलं नाही. नुसता उभा राहिला. मग उजवं पाऊल उचलण्याआधी डावा हात किंचित बाजूला नेला, भिंत चाचपावी तसा. भिंत नव्हतीच. हॉलमधले आम्ही सगळे गप्प झालो. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘सोंग तोंडावर नसतं बाई, पायात असतं. आधी पाय म्हातारा करायचा.’

गटाचा एक नियम होता, आणि मला वाटतं या कामाचं मर्म त्यात आहे. कुणालाही काही सुचलं तर ते समजावून सांगायचं नाही, करून दाखवायचं. आपल्याकडे तालमीत जो छान बोलतो त्याचं म्हणणं चालतं. मीटिंगांतही तसंच चालतं, आणि बँकेतल्या मीटिंगा मी भरपूर पाहिल्या आहेत. इथे बोलण्याचा उपयोगच नव्हता. चांगलं बोलणारे दोघे-तिघे पहिले काही दिवस बेचैन झाले. जे एरवी गप्प बसत ते पुढे येऊ लागले. मी वही घेऊन बसे आणि जे घडलं ते तारीखवार लिहून ठेवी, बस्स. ‘म्हातारा टोपी काढतो. कारकून टोपीकडे बघतो. म्हातारा टोपी घालतो.’ कीर्द लिहावी तसं. तीस वर्षांची सवय कामी आली.

नाटकातला मधला प्रसंग असाच घडला. बँकेतल्या दिवसांची माहिती देताना मी सांगितलं होतं की, नवऱ्याच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायकांकडून आमच्या वेळी आणखी एक गोष्ट लिहून घेतली जायची. पुनर्विवाह केलेला नाही, ही. ऐंशी वर्षांच्या बाईपुढे तो कागद सरकवताना मी नेहमी खाली बघत असे. नियमात गैर काही नव्हतं, पैसा सरकारचा होता. पण काचेच्या दोन्ही बाजूंना त्या क्षणी जे व्हायचं ते कुठल्याच रजिस्टरात आलेलं नाही.

हे शब्दांवाचून दाखवायचं कसं? कुणी पाटीवर लिहून आणायचं सुचवलं, कुणी वरमाला, कुणी बाशिंग. सगळं करून पाहिलं, सगळं खोटं वाटलं. चौथ्या दिवशी त्या मुलानं मुखवटा चढवला. कारकून झालेल्या मुलीनं कागद सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आजी त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिनं हळूच गळ्यावरचा पदर बाजूला केला आणि मोकळा गळा दाखवला. बास. कारकुनाचा मुखवटा खाली झुकला. कारकून झालेली मुलगी विशीतली, तिनं तो काळ पाहिलेला नाही, पण मान कुठे झुकायची ते तिला बरोबर कळलं. तीस वर्षं मी ज्या क्षणाला शब्द शोधत होते, त्याला शब्द नव्हतेच.

शेवटावरून मात्र गटात आठवडाभर वाद झाला. यंत्र अंगठा घेत नाही. आजी अंगठा पदराला पुसते, फुंकर घालते, परत ठेवते. मागची रांग कुरकुरते. तिघांचं म्हणणं पडलं की, अगदी अखेरीस आजीनं एकदाच बोलावं. त्यांनी मागितलं म्हणून मी वाक्य लिहून दिलं, दोनच शब्दांचं, ‘आहे मी.’ बाकीच्यांना ते नको होतं. तेव्हा ठरलं की, चाळीसेक ओळखीच्या माणसांपुढे दोन दिवस दोन शेवट करून बघायचे.

पहिल्या दिवशी वाक्य होतं. ते येताच कडकडून टाळी पडली. लोक भारावून उठले आणि पाच मिनिटांत स्कूटरी काढून गेले. दुसऱ्या दिवशी वाक्य नव्हतं. आजी यंत्रावर अंगठा ठेवते, मग मान वर करून एकेका प्रेक्षकाकडे नाक वळवत जाते, आणि अंधार. टाळी उशिरा आली, तीही विस्कळीत. पण मग लोक पायऱ्यांवर बोलत थांबले. दाखला मिळाला की नाही, यावर दोन आजोबांत चांगलीच जुंपली. एक बाई आपल्या सासूचा किस्सा सांगू लागल्या. कुणीतरी म्हणालं, ‘आमच्या आईचा राहिलाय, उद्या जायला हवं.’ गटानं मतदान केलं नाही, गरज उरली नव्हती. वाक्य गेलं. मोबदला न मिळालेलं माझं लेखन पुष्कळ आहे, त्यात दोन शब्दांची भर.

प्रयोगाच्या आधी आणखी एक काम निघालं. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर परिनिरीक्षणासाठी संहिता द्यावी लागते. एकही संवाद नसलेल्या नाटकाची संहिता! मग माझी ती वही उपयोगी पडली. टंकलेली चौदा पानं झाली. पहिल्या पानावर ‘लेखक’ असा रकाना. सगळ्यांनी माझं नाव घालायचं म्हटलं, कारण जाहिरातीत कादंबरीकाराचं नाव बरं दिसतं. मी आठ नावं अकारविल्हे लिहिली. त्यात माझं सहावं आलं.

प्रयोगाच्या शेवटी नट मुखवटे उतरवून प्रेक्षकांना नमस्कार करतात. तोपर्यंत लोकांनी एकोणीस माणसं पाहिलेली असतात आणि समोर सातच उभी असतात. एवढ्यानंच सभागृहात हलकी कुजबुज उठते. आजीचा मुखवटा उतरतो आणि खालून घामानं निथळणारा, विरळ मिशीचा पोरगा निघतो, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आज्या ‘अगंबाई’ म्हणतात. पुरुषानं स्त्री उभी करणं आपल्याला नवं नाही, बालगंधर्वांचा तो वारसाच आहे. पण ते रूप सौंदर्याचं होतं. इथे एक थकलेली म्हातारी होती, आणि ती मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ओळखीची वाटली होती.

‘त्यांचे मुखवटे गळून पडले’ असं आपण कुणाची लबाडी उघड झाली की म्हणतो. मुखवटा म्हणजे फसवणूक, हे आपल्या भाषेत इतकं मुरलं आहे की त्यावर कुणी शंकाही घेत नाही. या चार महिन्यांनंतर मला तो वाक्प्रचार वापरवत नाही. काउंटरमागे मी तीस वर्षं खरा चेहरा घेऊन बसले होते आणि त्यावर दिवसभर एक ठरावीक हसू असे. माणसाला लपायचं असतं तेव्हा तो चेहऱ्यामागे आणि शब्दांमागे लपतो. ती दोन्ही काढून घेतली की उरतात पाठ, खांदे, हात, पावलं. त्यांना खोटं बोलण्याचा सराव नसतो.

आणि शब्द काढून घेतले की आणखी एक घडतं. शब्दांच्या जोरावर ज्यांना आजवर दारात थांबवलं होतं, ती माणसं आत येतात. मुखवटा उतरवल्यावर त्या मुलाभोवती लोक जमले. कुणीतरी त्याला पाणी दिलं, कुठला, काय करतोस, विचारलं. तो ‘पानी’च म्हणाला, आपल्या गावाचं नाव सांगितलं, आणि वैशाखात आमच्याकडे बोहाडा असतो, या म्हणाला. तिघाचौघांनी पत्ता लिहून घेतला. मीही जाणार आहे. मशालीच्या उजेडात सोंग आलं की या खेपेला चेहऱ्याकडे नाही, आधी पायांकडे बघेन.